विस्तव बाहेर, ऊब आत

लाकूड जोडायचा पिवळा गोंद इथे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याच्या बाटलीवर बारीक अक्षरांत एक अट छापलेली असते: 50 ते 55 अंश फॅरनहाइटच्या खाली वापरू नये. आपल्या मापात 10 ते 13 सेल्सिअस. त्याखाली लावला तर गोंद वाळतो, पण धरत नाही. सांध्यातून ओघळलेला थेंब पिवळट पारदर्शक व्हायच्या ऐवजी पांढरा, पिठूळ पडतो आणि महिन्याभराने खुर्चीचा पाय हातात येतो. डेट्रॉइटच्या पश्चिमेकडच्या आमच्या उपनगरात नोव्हेंबर ते मार्च ही अट गॅरेजमध्ये पाळणं अशक्य. जानेवारीच्या रात्री पारा उणे सात-आठवर असतो, उत्तरेकडून लाट आली की उणे वीसकडे सरकतो. गोंदाची बाटली मी घरात आणून ठेवत असे, पण लाकूडच गारठलेलं असेल तर गोंद एकटा गरम असून काय करणार?

गॅरेज घरापासून सुटं, मागच्या अंगणात. चोवीस फूट बाय चोवीस, गाड्या दोन मावतील असं. आमच्या गाड्या मात्र बारमाही बाहेर बर्फात उभ्या, कारण आत माझी करवत, रंधे, पकडी आणि वखारीतून आणलेल्या फळ्या. बायको त्याला ‘तुझं सासर’ म्हणते. नोकरी मोटारींच्या सुट्या भागांची, दिवसभर संगणकापुढे. तेव्हा संध्याकाळी हाताला काहीतरी खरं लागावं म्हणून हे सुतारकाम. पाच महिने ते बंद ठेवायचं हे काही पटेना.

सरळ उपाय विजेचा. पण गॅरेजपर्यंत आलेली तार 120 व्होल्टची, वीस अँपियरची. तिच्यावर दीड किलोवॉटचा हीटर चालतो, आणि तो चालू असताना करवत सुरू केली की फ्यूज उडतो. मोठी तार ओढायची तर ड्राइव्हवे फोडून चर खणायचा, परवाना काढायचा, इलेक्ट्रिशियन आणायचा. दुसरा उपाय तोफेच्या आकाराच्या प्रोपेन हीटरचा, बांधकामाच्या जागी असतो तो. पंधरा मिनिटांत घाम काढतो. पण त्याला धुराडं नाही. जळलेलं सगळं आतच. एक किलो प्रोपेन जळला की एक किलो सहाशे ग्रॅमच्या आसपास पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. ही वाफ खोलीतली सर्वांत गार वस्तू शोधते. माझ्या गॅरेजात ती वस्तू म्हणजे करवतीचं बिडाचं टेबल. संध्याकाळी त्याच्यावर बोट फिरवलं तर ओल, सकाळी नारिंगी गंज.

लाकूड मात्र फुकट होतं, आणि भरपूर. आशियातून बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला एक हिरवा चकचकीत भुंगेरा 2002 साली याच भागात पहिल्यांदा सापडला. त्याची अळी अॅश झाडाच्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरत जाते आणि झाडाची अन्नवाट तोडते. मिशिगनातली कोट्यवधी अॅश झाडं त्यात गेली. आमच्या रस्त्याच्या दुतर्फा उभी असलेली तर केव्हाच कापली गेली. पण मागच्या ओढ्याकाठची वाळून उभीच राहिली आणि दर वादळात एखादं आडवं होतं. साल ओढून काढली की तिच्या आतल्या अंगावर अळीची ती वळणं दिसतात, भुशानं गच्च भरलेली. अॅश हे जळणाला फार गुणी लाकूड. मुळातच त्यात पाणी कमी, सरळ चिरतं, आणि उभ्या उभ्या वाळलेलं असलं तर ओलावामापकाची टोचणी लावल्यावर वीस टक्क्यांच्या आत आकडा येतो. यापेक्षा चांगलं जळण विकत घेऊनही मिळालं नसतं.

आता चूल. लोखंडी बंद शेगडी, जिला इथे वुड स्टोव्ह म्हणतात, ती शंभर-दीडशे किलोची असते आणि एकदा बसवली की बसली. मला हवी होती हिवाळ्यात लावता येईल आणि एप्रिलमध्ये ढकलून शेडमध्ये ठेवता येईल अशी. रॉकेट हीटरचं नाव त्या शोधात पुढे आलं.

याचं मूळ ओरेगन राज्यातल्या अप्रोव्हेचो या संस्थेत आहे. तिथे लॅरी विनियार्स्की यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला गरीब देशांतल्या स्वयंपाकासाठी एक चूल मांडली. आडवी नळी, तिला काटकोनात उभी नळी, दोन्हीभोवती उष्णता कोंडून धरणारं हलकं अस्तर. आडव्या नळीत काटक्यांची फक्त टोकं जळतात, उभ्या नळीत धूर. त्याच संस्थेच्या इयान्टो इव्हान्स यांनी पुढे ही कल्पना खोली तापवायला वापरली. उभ्या नळीवर तेलाचा रिकामा ड्रम उपडा घातला, आणि ड्रममधून बाहेर पडणारा गरम वायू मातीच्या लांब ओट्याच्या पोटातून फिरवला. संध्याकाळी दोन तास जाळ केला की ओटा सकाळपर्यंत ऊब देतो. फार देखणी कल्पना, पण ओट्याचं वजन टनांत. फिरता करायचा म्हटलं की पहिला बळी त्या ओट्याचा.

मला यातला काटकोन ओळखीचा होता. कराडला लहानपणी आमच्याकडे भुशाची शेगडी होती. वखारीतून पोतंभर भुसा आणायचा, पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, डब्याच्या बुडाशी असलेल्या भोकातून एक दांडका आडवा सारायचा आणि भोवती भुसा ठासून भरायचा. मग बाटली अलगद फिरवत वर काढायची, दांडका बाहेर ओढायचा. उरते ती एल आकाराची पोकळी. खालून पेटवलं की हवा आडवी आत येते, जाळ उभा वर जातो. ठासणं सैल झालं तर भुसा ढासळून शेगडी विझायची. म्हणून ते काम आई मोठ्या भावाला देई, मला नाही. फरक इतकाच की त्या शेगडीत भिंती हेच जळण, त्यामुळे पोकळी जळता जळता रुंद होत जाते आणि शेवटी शेवटी धुरकटते. रॉकेटमध्ये पोकळीचं माप हलत नाही.

माप हाच या यंत्राचा सगळा प्राण आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा बहुतांश भाग वायू होऊन बाहेर पडतो. निखारा होतो तो उरलेला थोडा भाग. आपण ज्याला धूर म्हणतो तो हा न जळलेला वायू, म्हणजे वाया चाललेलं जळण. तो जळायला तीन गोष्टी लागतात: सहाशे-सातशे अंशांच्या वरची उष्णता, हवेशी नीट घुसळण आणि थोडा वेळ. साध्या चुलीत जाळ वर आला की लगेच गार भांड्याला भिडतो आणि यातलं काहीच पुरतं होत नाही; तवा काळा होतो तो त्यामुळे. 1980च्या दशकात आपल्याकडे निर्धूर चुलींची राष्ट्रीय मोहीम निघाली तेव्हा आजीच्या घरी एक बसली होती. धूर स्वयंपाकघरातून निघून कौलांवर गेला, आजीच्या डोळ्यांना आराम पडला, हे खरंच. पण धूर जळाला नव्हता, त्याची जागा बदलली होती. रॉकेटच्या उभ्या नळीत त्याला जळायला एक स्वतंत्र खोली मिळते. म्हणून तिची उंची जळण टाकायच्या तोंडाच्या साधारण चौपट आणि मधल्या बोगद्याच्या दुप्पट धरतात, आणि सुरुवातीपासून धुराड्यापर्यंत कुठेही वाट अरुंद होऊ देत नाहीत. माझ्या हीटरात तोंड बावीस, बोगदा पंचेचाळीस आणि उभी नळी नव्वद सेंटिमीटर. आतला मार्ग सगळीकडे पंधरा सेंटिमीटर रुंदीचा.

इथवर कागदावर सगळं छान होतं. पण वात लावायच्या आधी नियम बघावेत म्हणून चाळायला घेतले आणि बेत मुळापासून बदलावा लागला. अमेरिकेत धुराडी आणि घन इंधनाच्या शेगड्यांसाठी अग्निसुरक्षेचं जे मानक आहे, नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं 211 क्रमांकाचं, ते गॅरेजमध्ये अशी शेगडी बसवायलाच मनाई करतं. गाडी आत असो वा नसो. कारण साधं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीलगत पसरते आणि विस्तवापर्यंत चालत जाते. ठिणगी उडू शकणारी उपकरणं गॅरेजच्या फरशीपासून अठरा इंच वर ठेवायचा नियमही त्याचसाठी. माझ्या गॅरेजात गाडी नव्हती, पण गवत कापायच्या यंत्राची टाकी होती, लाखेचे आणि थिनरचे डबे होते, आणि करवतीखाली लाकडाचा भुसा, जो हवेत उडाला की स्वतःच इंधन होतो. शिवाय घरी बनवलेल्या शेगडीवर कुठलंच प्रमाणपत्र नाही. उद्या काही झालं तर विमा कंपनी हात झटकणार, आणि बरोबरच झटकणार. इंटरनेटवर अशा हीटरांचे शेकडो व्हिडिओ आहेत, गॅरेजच्या मधोमध ड्रम लालबुंद झालेला आणि शेजारी माणूस कॉफी पीत उभा. बघायला फार मजा येते. मी तसं करणार नव्हतो.

तेव्हा ठरलं ते असं: विस्तव बाहेर, ऊब आत. हीटर गाड्यावर बसवून गॅरेजच्या बाजूच्या भिंतीपासून अंतर राखून अंगणात उभा करायचा. ड्रमभोवती पत्र्याचा दुसरा घेर घालायचा आणि दोहोंमधल्या फटीतून गॅरेजचीच हवा फिरवायची. एका नळानं ती बाहेर जाईल, ड्रमला घासून तापेल, दुसऱ्या नळानं परत आत येईल. खिडकीची काच काढून तिथे दोन भोकं असलेली फळी बसवली, उन्हाळ्यात काच परत. आगीचा वायू आणि श्वासाची हवा यांची कुठेही गाठ पडणार नाही. निदान पडू नये.

या ‘पडू नये’साठी पंख्याची जागा महत्त्वाची. पंखा परतीच्या नळावर लावला तर तो घेरातून हवा ओढतो. ड्रमला कुठे तडा गेला असेल तर त्यातून कार्बन मोनॉक्साइडही ओढणार आणि थेट माझ्या नाकाशी आणून सोडणार. तोच पंखा जाणाऱ्या नळावर लावला की घेरात दाब वाढतो, आणि तड्यातून गळती झालीच तर स्वच्छ हवा आगीकडे जाते, उलटं नाही. पंखा तोच, वीज तेवढीच. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहेच, पण त्याच्या पाठीवर 40 ते 100 फॅरनहाइट अशी मर्यादा छापलेली होती. म्हणजे गारठलेल्या गॅरेजात पहिला अर्धा तास त्याच्यावर विसंबता येत नाही. मी तो घरात ठेवतो आणि गॅरेजात कामाला जाताना बरोबर नेतो.

बांधकामात शेजाऱ्यांची साथ नसती तर हे कागदावरच राहिलं असतं. टूल अँड डाय मेकर म्हणून उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे, सहा फुटांच्या वर. त्यांच्याकडे वेल्डिंग मशीन आणि प्रत्येक बाबतीत ठाम मत. “पाव इंची पोलादाचा पाइप घे, मी जोडून देतो, तू मरेपर्यंत टिकेल,” असं त्यांचं म्हणणं. एरवी मी मान डोलावली असती. पण इथे अडचण अशी की नळीभोवती आपण मुद्दाम उष्णता कोंडतो. आठशे-नऊशे अंशांत साधं पोलाद लाल होऊन पापुद्रे सोडू लागतं, आणि बाहेरून अस्तर असल्यामुळे त्याला गार व्हायला वावच नसतो. एक-दोन हिवाळ्यांत त्याची चाळण होते. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी एक जुना तुकडा टॉर्चनं तापवून, हातोडीनं ठोकून, पडलेले पापुद्रे तळहातावर घेऊन माझ्या दारात उभे. “बरोबर आहे तुझं,” एवढंच बोलले. मग पोलाद फक्त बाहेरच्या सांगाड्याला ठेवायचं ठरलं.

आतला गाभा विटांचा. भट्टीची नेहमीची वीट साडेतीन किलोच्या आसपास भरते. त्याच मापाची हलकी, सच्छिद्र वीट किलोभरही नसते. ही हलकी वीट साध्या कानशीनं घासली जाते, हातकरवतीनं कापली जाते, सुताराला अगदी घरची. फिरत्या हीटरला हीच हवी. शिवाय तिला स्वतः तापायला फार उष्णता लागत नाही, त्यामुळे धूर पाच-सात मिनिटांत निवळतो. मात्र ती ठिसूळ. जळण टाकायच्या तोंडाशी लाकडं आपटतात, तिथे जड विटेचे पातळ काप लावले. उभ्या नळीसाठी सिरॅमिक तंतूंचं कांबळं, दहा इंची पत्र्याच्या नळात गुंडाळून आतून सिलिकाच्या द्रावणानं टणक केलेलं. हे कांबळं हाताळायला मऊ आणि हलकं, दिसायला निरुपद्रवी, आणि नेमकं तेवढंच घातक: कापताना उडणारे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्यांना माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात टाकलं आहे. ते मी अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, फिल्टरचा मास्क लावून कापलं. कापण्याआधी त्याच्यावर पाणी शिंपडलं. अंगावरचे कपडे वेगळे धुतले. शेजारी लांब उभे राहून बघत होते. या एका बाबतीत त्यांनी मत दिलं नाही.

ड्रम तीस गॅलनचा, खाद्यतेलाचा. रसायनाचा ड्रम मिळत होता, तोही फुकट, पण तळाशी राहिलेली वाफ कापताना पेट घेते आणि झाकणासकट माणूस उडाल्याच्या गोष्टी इथल्या प्रत्येक वेल्डरकडे आहेत. ड्रमचा रंग आधी बाहेर मोकळ्यावर जाळून टाकला. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आगीच्या बाजूला कुठेही वापरला नाही. जस्ताच्या धुरानं येणारा ताप शेजाऱ्यांनी कारखान्यात भोगलेला, त्यामुळे तिथे ते मशीनच बंद करून उभे राहिले असते.

राहिलं धुराडं, आणि खरी कटकट तिथे आहे. शेगडी फिरती करता येते, धुराडं नाही. ड्रमला बरीचशी उष्णता देऊन निघालेला वायू सव्वाशे-दीडशे अंशांचा उरतो. एकेरी पत्र्याच्या पाइपातून तो उणे दहाच्या हवेत वर चढू लागला की वाटेतच गार होतो, त्यातलं पाणी सांध्यांतून तपकिरी होऊन ठिबकतं आणि सकाळी त्याच्या कांड्या लोंबतात. ओढ मंदावते ती वेगळीच. म्हणून दुहेरी भिंतीचं, मधे अस्तर असलेलं स्टेनलेसचं धुराडं घ्यावं लागलं. या सगळ्या उद्योगात सर्वांत महाग वस्तू तीच, बाकी सगळ्याची बेरीज तिच्याइतकी नसेल. तीन तुकडे, एकमेकांत फिरवून बसणारे, वरून तीन तारांनी जमिनीत ताणलेले. ते उभं करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात प्रोपेनवाल्याचं गॅरेज तापून झालेलं असतं. ‘पोर्टेबल’ हा शब्द मी आता थोडा जपून वापरतो.

गार धुराडं पहिल्यांदा हट्ट करतं. आत थंड, जड हवेचा बूच बसलेला असतो. खाली जाळ केला तर तो बोगद्यात शिरायच्या ऐवजी तोंडातूनच उलटा वर येतो आणि भुवया भाजतो. धुराड्याच्या बुडाशी राख काढायचं झाकण आहे, तिथे वर्तमानपत्राचा चुरगळा आधी पेटवायचा. बूच हलला की ओढ सुरू. मग तोंडाशी उभ्या लावलेल्या काटक्यांचा जाळ एकदम आडवा होतो, जमिनीला समांतर, बोगद्याकडे खेचला जातो, आणि आतून घरघर ऐकू येते. मला ही घरघर आवडते, नाकारत नाही. पण शेजाऱ्यांचं म्हणणं, फार घरघरणारं यंत्र म्हणजे कुठेतरी हवा जास्त जातेय. आणि खरोखरच तोंड विटेनं थोडं झाकलं की आवाज उतरतो आणि ड्रम जास्त तापतो. लाकूड मनगटापेक्षा जाड घालायचं नाही. दर वीस मिनिटांनी बाहेर जाऊन दोन-चार काटक्या. हे ज्याला जमणार नाही त्यानं या वाटेला जाऊ नये.

हिशेब सांगायचा तर तासाला दोन किलो लाकूड, म्हणजे साधारण आठ किलोवॉट. पंखा मिनिटाला दीडशे घनफूट हवा ढकलतो. दहा अंशांची जाते, पंचावन्नची येते. त्याचे होतात चार किलोवॉटच्या आतबाहेर. निम्मी ऊब मला, निम्मी मिशिगनला. हीटर आत असता तर ड्रमची धगही अंगावर आली असती, तिच्यावर आपण पाणी सोडलं. हे नुकसान डोळे उघडे ठेवून पत्करलेलं आहे आणि दर वेळी थोडं टोचतं.

टोचतं ते पायांना. गॅरेजमधली सगळी हवा एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साठ-पासष्टपट उष्णता खालची काँक्रीटची लादी एक अंशानं तापवायला लागते. चार इंच जाडीची ती लादी बारा-तेरा टनांची आहे. त्यामुळे तासाभरात डोक्याच्या उंचीवर अठरा अंश असतात आणि मोज्यांतली बोटं बधिर. गरम हवा वर, छपराकडे. तिला खाली राहायचं काही कारणच नाही. परतीच्या नळाचं तोंड मी बाकाच्या खाली वळवलं, पायाशी फळ्यांचं पाट टाकलं, आणि सांधायचं लाकूड आदल्या संध्याकाळीच त्या नळापुढे रचायला लागलो. खोली तापवायचा नाद सोडला आणि बाक तापवला. गोंदाला तेवढंच हवं होतं. फेब्रुवारीत जोडलेल्या खुर्च्यांचे सांधे मी तोडून पाहिले आहेत: लाकूड फाटतं, गोंद नाही.

प्रामाणिकपणे विचाराल तर ज्याच्या गॅरेजजवळून नैसर्गिक वायूची नळी जाते त्यानं छताला लटकणारा, स्वतःचं धुराडं असलेला गॅस हीटर बसवून घ्यावा आणि सुखी व्हावं. हा खटाटोप पैसे वाचवायला नाही. ओढ्याकाठी पडलेलं झाड कुजण्याआधी उचलावं, मापं बसवताना डोकं खाजवावं, आणि हवा कशी वाहते ते डोळ्यांनी दिसावं, यात ज्याला रस आहे त्याच्यासाठी आहे.

हीटर गाड्यावर आहे याचा खरा फायदा मार्चमध्ये शेजाऱ्यांनी करून घेतला. त्यांच्या अंगणात साखर-मेपलची दोन मोठी झाडं आहेत. रात्री गोठण आणि दिवसा वितळण सुरू झाली की खोडाला भोक पाडून रस धरायचा आणि आटवून पाक करायचा. चाळीस लिटर रसाचा एक लिटर पाक. कराडच्या आजूबाजूची गुऱ्हाळं पाहिलेल्या माणसाला हे प्रमाण ऐकूनच धाप लागते. उसाचा रस यापुढे मधच. एवढं पाणी उडवायला तीस युनिटच्या आसपास उष्णता लागते. त्यांनी आधी घेर उतरवून परात ड्रमच्या डोक्यावर ठेवली. रस नुसता कोमट होऊन गाऊ लागला, उकळेना. मग त्यांनी मला न विचारता ड्रमच उचलून बाजूला केला, धुराडं काढलं, उभ्या नळीच्या तोंडावर लोखंडी पट्ट्यांची बैठक टाकली आणि परात थेट जाळावर. दोन बोटं फट सोडलेली. दहा मिनिटांत रस खदखदत होता आणि धूर म्हणाल तर डोळ्यांना दिसेना. इव्हान्सच्या हीटरातून विनियार्स्कींची चूल परत निघाली होती.

परात माझ्या छातीच्या वर आणि त्यांच्या कमरेच्या थोडी वर. मळी काढायला मला लाकडी ठोकळ्यावर चढावं लागे. बर्फ वितळून अंगण रबडीचं झालं होतं, गाड्याची चाकं निम्मी रुतली, आणि तो परत माझ्या अंगणात आणायला दोन फळ्या आणि त्यांचा नातू लागला. पुढच्या वर्षीसाठी काय काय बदलायचं ते त्यांनी आपल्या गॅरेजच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय: हवेची रुंद चाकं, लांबट चौकोनी परात, पट्ट्यांना खाचा. ड्रम परत बसवताना फट बुजवायला लावायची नवी दोरी हा मुद्दा यादीत नव्हता, तो मी खाली लिहिला. त्याच्या खाली त्यांनी लिहिलं: ठोकळा, आणखी सहा इंच.